धुळा सांगून गेला होता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला माझं सगळं ठाऊक असतं, डब्यातली भाकरी मी कुणाला दिली इथपर्यंत. पण हे नाही. तुम्ही म्हणाल, मग आम्हालाच का? खरं सांगू? तुम्ही ओळखीचे नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. कितीदा ठरवलं, कितीदा चहा मागवला, आणि शेवटी पावसापाण्याचं बोलून उठलो.

शिरूरच्या बसस्थानकामागं माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळतात, लोक त्या पोत्यात घालून आणतात, मी आतली तार बदलून देतो. आमच्याकडं त्याला मोटार भरणं म्हणतात. संपतनं भरलेली मोटार लवकर जळत नाही, असं लोक म्हणतात. भांडण झालं की मध्यस्थीला मला बोलावतात. हे मी मिरवायला लिहीत नाही. माणूस म्हणून माझं नाव चांगलं आहे, एवढं तुम्हाला आधी माहीत असावं. पुढचं वाचताना ते लागेल.

माझं गाव वडगाव रासाईच्या अंगाला, भीमेच्या काठावर. नाव लिहीत नाही. गावाचा यात दोष नाही — म्हणजे आहे, पण माझ्याइतका नाही. नदी ओलांडली की दौंड तालुका. त्या काळी, म्हणजे त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास, आमच्या गावाला दोन गोष्टींचा अभिमान होता, ऊस आणि कबड्डी. ऊस तर सगळ्यांचाच होता.

आणि कबड्डी म्हणजे धुळा.

धुळा आणि मी एकाच वस्तीवरचे. दोघांचेही आजे मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरायचे. पुढं आमच्या घरच्यांनी शेती धरली आणि मेंढरं विकली. धुळाच्या वडलांनी — आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो — शेतीही केली आणि मेंढरंही ठेवली. धुळाची आई लवकर गेली होती. घरात दोघंच, बाप आणि लेक. आप्पा मेंढरांबरोबर लांब गेले की धुळा आमच्याकडं जेवायला असायचा. माझ्या आईनं आम्हा दोघांना एका ताटात वाढलंय. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवं.

बाकीचे गडी चढाईला निघताना ‘कबड्डी कबड्डी’ असं ओरडत जायचे, सगळ्या मैदानाला ऐकू येईल असं. धुळा हळू म्हणायचा. पंचाला वाकून कान द्यावा लागायचा. आणि मग एकदम कुठून तरी पाय यायचा, दोन गडी बाद, आणि हा मध्यरेषेवर उभा, जणू काही झालंच नाही. निमोण्यापासून दौंडपर्यंत त्याला बघायला माणसं ट्रॅक्टर भरून यायची.

मी दुसरा. संघात दुसरा चढाईपटू म्हणजे कोण, ठाऊक आहे? पहिला बाद झाल्यावर लोक ज्याच्याकडं बघून सुस्कारा टाकतात, तो. सहा वर्षं मी तो सुस्कारा ऐकला. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. वाटत होतं.

आता आमच्या मंडळाची एक रीत सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलंय. कुणी संघ सोडून निघाला — नोकरीला म्हणा, फौजेत म्हणा — की त्यानं रविवारच्या बैठकीला मैदानात यायचं, मध्यरेषेवर नारळ ठेवायचा आणि कुठं जातोय, का जातोय ते सगळ्यांदेखत बोलायचं. मग मंडळाचे आबा तो नारळ फोडायचे, सगळ्यांना तुकडा मिळायचा. खोबरं खाल्लं की तुमचा राग संपला. नंतर तो कुठंही खेळो, तो आपलाच. स्वतःला येणं जमलं नाही तर संघातल्या एखाद्या गड्याच्या हाती नारळ आणि निरोप पाठवला तरी चालायचं. पण नारळ न ठेवता जो गेला, तो गेला. मैदानात त्याचं नाव घ्यायचं नाही. अशी रीत कुणी घातली कोण जाणे. पण लहानपणापासून बघत आलो होतो, आणि चांगली वाटायची.

दौंडच्या एका संघानं धुळाला बोलावलं. तीन वर्षं लागोपाठ त्याच संघानं आम्हाला अंतिम सामन्यात हरवलं होतं. त्या संघाच्या मागं एक कारखाना होता. खेळायचं आणि कारखान्यात कायमची नोकरी. शुक्रवारी निरोप आला, शनिवारी सकाळी हजर व्हायचं होतं. आप्पा तेव्हा मेंढरं घेऊन लांब घाटाकडं गेले होते. दुसरा कोण होता धुळाला? तो दुपारी माझ्याकडं आला. मी गोठ्यात होतो. त्याच्या हातात नारळ होता, कापडी पिशवीत घातलेला.

त्याचं बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं. "संपत, रविवारी ह्यो रेषेवर ठेव. आबास्नी म्हणावं, पोटासाठी चाललोय. आन् सांग, म्या दौंडवाल्यांकडनं लिहून घेतलंय — आपल्या गावाबरुबर सामना आसला की म्या खेळणार न्हाई. बाहेर बसंन. एवढं नीट सांग."

मी व्हय म्हणालो. पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी माझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण त्याचा उपयोग काय?

रविवारपर्यंत बातमी गावात पसरली होती. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर दौंडहून घेऊन आला. मैदानात नेहमी पंधरा-वीस माणसं असायची, त्या दिवशी दोनशे होती. मी इतकी चिडलेली माणसं कधी बघितली नव्हती. ज्यांनी जन्मात कबड्डीला पाय लावला नाही तेही तावातावानं बोलत होते. त्याला आम्ही दूध पाजलं, अंडी दिली, आमच्या पोरांची बूट-चड्डी त्याला दिली आणि हा दौंडचा घरजावई झाला! माझ्या मांडीखाली ती पिशवी होती. आबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "कुणाकडं नारळ दिलाय का त्यानं?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात मागनं कुणीतरी ओरडलं, "ज्याच्याकडं दिला आसंल तो बी त्याच्यातलाच! त्यालाबी लावा नदीपार!" आणि लोक हसले. त्या हसण्याला मी भ्यालो. वाटलं, जरा शांत होऊ देत, मग सांगू.

आबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाले, "मग आता चढाईला पयला कोण?"

दोनशे माणसांनी माझ्याकडं बघितलं. सुस्कारा नव्हता. उलट कुणीतरी माझ्या नावानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली.

भीती होती हे खरं. पण भीती पाच-सात मिनिटांची. मला भित्रा म्हणून सोडून देऊ नका, ते फार स्वस्तात सोडणं होईल. त्या टाळ्यांनंतर मी गप्प राहिलो ते भीतीनं नाही. मला ती जागा हवी होती. धुळा रीतीनं गेला असता तर तो आमचाच राहिला असता, आणि मी त्याच्या मागचाच. तो पळून गेला असेल, तर मी पहिला.

पिशवी घरी आणली, कणगीमागं ठेवली. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. त्याच्या पुढच्या रविवारी. मग एक दिवस जेवायला बसलो तर ताटात चटणी. आई म्हणाली, "कणगीमागं नारळ घावला रं, वाळून चालला हुता." मी खाल्ली. दुसऱ्यांदा मागूनही घेतली, नाहीतर आईनं विचारलं असतं.

गावाचा राग काही महिन्यांत ओसरेल असं मला वाटलं होतं. नाही ओसरला. सलूनमध्ये धुळाचा फोटो होता, ढाल हातात घेतलेला. तो काढला. चावडीच्या भिंतीवर चुन्यानं काहीबाही लिहिलं. हे सगळं एकवेळ धुळावर होतं, आणि तो दौंडला होता. पण आप्पा मेंढरं घेऊन परत आले, ते ह्या सगळ्यात.

आमच्याकडं पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावून रानात मेंढरं बसवतात. चार-सहा दिवस कळप रानात मुक्कामाला राहतो, लेंड्यांचं खत होतं, त्याबदल्यात धान्य मिळतं. आप्पांच्या मेंढरांना दरवर्षी आधीपासून सांगणं असायचं. त्या वर्षी एकानंही बोलावलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर बोललं नाही. नुसतं बोलावलं नाही. आप्पा कळप घेऊन वडगावकडं, मांडवगणकडं जायला लागले, सत्तरीच्या घरातला माणूस. मी बांधावरून बघायचो. एकदा तर त्यांनी लांबून हात केला आणि मीही केला.

पुढच्या हिवाळ्यात निमोण्याला स्पर्धा झाल्या. अंतिम सामना आम्ही आणि तोच दौंडचा संघ. धुळा त्यांच्या बाकावर बसलेला, अंगात निळा ट्रॅकसूट. पंचांनी नावं पुकारली, हा उठला नाही. पंचांनी नावं पुकारली, हा उठला नाही. त्यानं दिलेला शब्द तो पाळत होता. अख्ख्या मैदानात तेवढं मला एकट्याला ठाऊक होतं. आमच्या लोकांना काय वाटणार? त्यांना वाटलं, माज आलाय. आमच्याशी खेळायची ह्याला लाज वाटते. आधी शिव्या, मग ढेकळं. एक चप्पल आली. मग कुणीतरी दगड मारला, तो त्याच्या भुवईवर बसला. रक्त आलं. तो रुमाल धरून तसाच बसून राहिला.

मी तेव्हा चढाईवर होतो. दम घुमवत त्यांच्या अंगणात शिरलो होतो, आणि हे सगळं मला दिसत होतं. थांबता आलं असतं. पंचाला हात करून लोकांकडं वळता आलं असतं. मी गडी टिपला आणि परत आलो.

आम्ही जिंकलो. तीन वर्षांनी जिंकलो. मला खांद्यावर घेतलं, गुलाल टाकला. त्या दिवशी मी खूश होतो — हेही लिहून ठेवतो. लाज वाटली वगैरे नाही. ते सगळं नंतरचं.

संध्याकाळी हातपाय धुवायला हौदावर गेलो तर धुळा तिथं आला. भुवईला पट्टी. मला म्हणाला, चांगला खेळलास. मग हळूच विचारलं, चढाईला म्हणायचा तेवढ्याच हळू आवाजात, "तू सांगितलं हुतंस न्हवं?"

"व्हय."

"नारळ फोडला?"

मी म्हणालो, "न्हाई फोडला. लोकांस्नी पटलं न्हाई."

मग त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला की गाव असं निघालं, पण तू माझ्यासाठी उभा राहिलास. माझा हात गुलालानं भरलेला होता.

तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांत कुणाच्या तोंडून खरं बाहेर कसं पडलं नाही? मलाही रोज वाटायचं, आज पडेल, उद्या पडेल. पण रागावलेली माणसं एकमेकांना विचारत नाहीत. गावाला वाटत होतं, हा न सांगता पळाला. त्याला वाटत होतं, गावानं आपला नारळ परत फिरवला. दोघांचाही राग खरा होता, आणि दोघं आपापल्या जागी बरोबर होते. चुकीचा त्या सगळ्यात एकच माणूस होता, आणि त्याच्यावर दोघांचाही जीव होता.

धुळा पुढं मोठा खेळाडू झाला नाही. चार-पाच वर्षं दौंडकडून खेळला, गुडघा गेला, कारखान्यात सुपरवायझर झाला. लग्न झालं, मुली झाल्या. माझा खेळ त्याच्याही आधी सुटला. दोन वर्षं पहिला होतो, मग दुसरा एक पहिला झाला आणि माझं नावही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. एवढ्यासाठी केलं होतं सगळं.

दोन हजार सालानंतर कधीतरी आप्पा गेले. मेंढरं त्याआधीच विकली होती. दहाव्याला धुळा नदीवर आला, डोकं भादरलेलं, बाजूला एकटाच उभा. गावातली माणसं आली, कारण आप्पांचं कुणाशी वाकडं नव्हतं, पण धुळाशी कुणी बोललं नाही. मी बोललो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो, आणि लोक नंतर म्हणाले, संपत मनानं मोठा.

त्यानंतर काही वर्षांनी त्यानं दौंडला घर बांधलं, वास्तुशांतीला बोलावलं. गावातून एकट्याला मला. मी गेलो. त्यानं मला पाटावर बसवलं, फेटा बांधला, आणि बायकामुलींना, कारखान्यातल्या माणसांना सांगितलं, "आख्ख्या गावात माझ्या बाजूनं बोलला आसा ह्यो एकच माणूस." लोकांनी माझ्याकडं आदरानं बघितलं. मी खाली बघितलं, तो त्यांना माझा विनय वाटला. जेवलो. जिलेबी होती. चारच्या एसटीनं परत आलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. इथंपर्यंत लिहून मी चार दिवस वही मिटून ठेवली होती. कारण इथवर जे सांगितलं ते वाईट आहे, पण तरुणपणातलं वाईट आहे, असं म्हणून कुणीतरी पदरात घेईल. अजून एक राहिलंय. ते मी मुद्दामच मागं ठेवलं होतं.

निमोण्याच्या सामन्यानंतरची गोष्ट. मी तेव्हा मांडवगण फराट्याला एकाच्या दुकानात मोटार भरायचं काम शिकत होतो. बाजाराचा दिवस होता. आप्पा दुकानात आले. मालक जेवायला गेलेला, मी एकटाच. त्यांना मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. खांद्यावर घोंगडी, काठी हातात, दारातच उभे.

म्हणाले, सणाला धुळा घरी आला होता. तो सांगतो, नारळ तुझ्याकडं दिला होता, निरोप पण दिला होता. आणि आबा सांगतात, नारळ आलाच नाही. "तवा मला कळंना, संपत. म्हून इचारतो. तुझ्याकडं दिला हुता का रं?"

बघा, किती सरळ विचारलं. धमकी नाही, आवाज चढवला नाही. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. दोनशे माणसं नव्हती, टाळ्या नव्हत्या, हसणारं कुणी नव्हतं. ज्या माणसाचा मुलगा माझ्याबरोबर एका ताटात जेवला, तो एकटा माणूस समोर उभा होता. व्हय म्हटलं असतं तर त्यांनी मला मारलं नसतं. शिवीही दिली नसती, मला ठाऊक आहे. फार तर ‘आरं पोरा’ एवढंच म्हणाले असते. मग तिथून गेले असते आबांकडं, आणि धुळाला निरोप पाठवला असता, आणि पुढचं काहीच झालं नसतं.

मी म्हणालो, "न्हाई आप्पा. मला काय बोलला न्हाई तो."

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो. आवाज हललासुद्धा नाही.

आप्पांनी मान हलवली. मग काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "बरं झालं इचारलं. त्याला आता म्या काय बोलणार न्हाई. गेला तर गेला, पोटासाठी गेला, त्याचं मला काय न्हाई. पर बापाशी खोटं बोलला. ते कशाला त्याच्या तोंडावर काढू?"

आणि त्यांनी ते काढलं नाही. पुढची सात वर्षं ते लेकाशी बोलले नाहीत. धुळा यायचा, दारात बसायचा, आप्पा पाठ करून मेंढरांकडं जायचे. का, ते त्यांनी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. लेकाची अब्रू राखली. धुळाला आजही वाटतं, बापसुद्धा गावाच्या बाजूचा होता.

जाताना आप्पांनी मला विचारलं, काम जमतंय का. मी म्हणालो, जमतंय. ते म्हणाले, हातात कला असली की माणसाला गाव सोडावं लागत नाही. पायऱ्या उतरून ते बाजारात गेले. मी दुकानात आत जाऊन बसलो आणि अर्धवट राहिलेली मोटार भरून पुरी केली.